इंग्लंडच्या जुन्या पॅरिश वह्यांत हरवलेला मृत्यू कसा शोधावा

लग्नामुळे इंग्रज घराशी नातं जुळलेली मराठी कुटुंबं आता ब्रिटनमध्ये जागोजागी आहेत. मुलांना आपला वंशवृक्ष करायची हौस येते. आपल्या बाजूची नावं आजी-आजोबांकडून मिळतात. दुसऱ्या बाजूला मात्र अडीचशे वर्षांपूर्वीचा एखादा जॉन बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडतो, लग्नाच्या नोंदीत सापडतो, मुलांच्या बाप्तिस्म्यांत पाच-सहा वेळा बाप म्हणून सापडतो आणि मग दिसेनासा होतो. तो कधी गेला, कुठे गेला, काही पत्ता नाही.

हे जवळजवळ प्रत्येक घराण्यात होतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत निदान बापाचं नाव असतं, लग्नाच्या नोंदीत जोडीदाराचं. 1813 पूर्वीच्या दफनाच्या नोंदीत बहुतेकदा तारीख आणि मृताचं नाव एवढंच असतं. वय नाही, गाव नाही, नातं नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घरातला माणूस स्वतः बसून आपली पिढी सांगतो, त्यामुळे नाती तिथेच जुळलेली मिळतात. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वहीत पाद्री प्रसंग लिहून मोकळा होतो, जुळणी आपल्यालाच करावी लागते. म्हणून दफनाची ओळ सापडणं हे निम्म्याहूनही कमी काम आहे. ती ओळ आपल्याच माणसाची आहे हे ठरवणं हे खरं काम, आणि या लेखाचा भर त्यावरच आहे.

पुढच्या उदाहरणासाठी नॉरफक परगण्यातला एक शेतमजूर धरू. त्याला जॉन म्हणू. लग्न 1762 मध्ये, धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा 1781 मध्ये, त्यापुढे काही नाही.

आधी कुंपण घाला

वह्या उघडण्याची घाई करू नका. आधी कागदावर दोन तारखा लिहा: जॉन नक्की जिवंत होता अशी शेवटची तारीख आणि तो नक्की हयात नव्हता अशी पहिली तारीख. आपलं शोधक्षेत्र या दोन तारखांच्या मध्ये आहे. ते जितकं आवळाल तितकं काम सोपं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मुलाचा बाप्तिस्मा झाला म्हणजे बाप त्या दिवशी जिवंत होता असं होत नाही. गर्भारपणातच नवरा गेलेली बाई असू शकते. शिवाय चार-पाच वर्षांच्या मुलांचा बाप्तिस्मा एकदम उरकणारी घरंही होती. जिवंत असल्याचा पक्का पुरावा म्हणजे स्वतः काही केल्याची नोंद. 25 मार्च 1754 पासून हार्डविकच्या विवाह कायद्यानुसार लग्नाच्या वहीत वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली असते. मुलीच्या लग्नात जॉन साक्षीदार म्हणून फुली काढून गेला असेल, तर त्या दिवशी तो होता. घर किंवा तुकडाभर जमीन असेल तर जमीन-कराच्या याद्या पाहा. 1780 ते 1832 या काळातल्या याद्या बऱ्याच परगण्यांत टिकल्या आहेत. एका वर्षी मालकाचं किंवा कुळाचं नाव जाऊन त्या जागी 'विधवा अमुक' असं आलं की मृत्यू एका वर्षाच्या आत आला.

दुसरं टोक मागे राहिलेल्यांकडून मिळतं. बायकोने पुन्हा लग्न केलं असेल, तर वहीत तिच्या नावापुढे 'विधवा' असतं. ती स्वतः वारली तेव्हा 'जॉनची बायको' म्हणून पुरली की 'विधवा' म्हणून, हे पाहा. 'बायको' असेल तर जॉन त्या दिवशी बहुधा जिवंत होता, म्हणजे शोध त्या तारखेच्या पुढे न्यायचा. ही एकच ओळ कित्येक वर्षांचा शोध वाचवते. म्हणून पुरुषाच्या आधी बायकोचं दफन शोधा, असं मी सगळ्यांना सांगतो.

कुठली पॅरिश

माणूस जिथे मेला किंवा जिथे त्याच्या घरच्यांना पुरलं होतं, तिथे तो सापडतो. राहत होता तिथेच सापडेल याची खात्री नाही. जेन ऑस्टिनचं घर हॅम्पशरमधल्या चॉटनचं, पण उपचारासाठी ती विंचेस्टरला गेली, 18 जुलै 1817 रोजी तिथेच वारली आणि तिथल्याच कॅथीड्रलमध्ये तिला पुरलं. चॉटनच्या दफनांत तिला शोधणारा रिकाम्या हाताने परतला असता.

नॉरफकमध्ये पॅरिशी लहान आणि एकमेकींना खेटून आहेत. या एका परगण्यात साडेसहाशेच्या वर मध्ययुगीन चर्च आजही उभी आहेत. मजूर दर वर्षी मालक बदलत, चार मैलांवरच्या गावात राहायला जात. म्हणून नकाशावर जॉनच्या गावाभोवती आठ-दहा मैलांचं वर्तुळ काढा आणि आतल्या सगळ्या पॅरिशींची यादी करा. बायकोचं माहेर आणि लग्न झालेल्या मुलींची गावं त्यात घाला, कारण म्हातारपणी माणसं लेकीकडे जात. उत्तरेत चित्र उलटं आहे. लँकशरमधल्या व्हॉली (Whalley) नावाच्या पॅरिशीसारख्या ठिकाणी डझनावारी वस्त्या आणि अनेक छोटी चॅपेल होती. तिथे मुख्य चर्चची वही पाहून भागत नाही, प्रत्येक चॅपेलची वही वेगळी पाहावी लागते. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर 1851 च्या पॅरिश-सीमांचा नकाशा आहे, त्याने हे काम झपाट्याने होतं.

प्रत्येक पॅरिशीपुढे तीन गोष्टी लिहा: वही कुठल्या वर्षापासून आहे, मधली कुठली वर्षं गहाळ आहेत आणि ती ऑनलाइन आहे की फक्त परगण्याच्या दफ्तरखान्यात. ऑनलाइन शोधात नाव न येणं याला दफनाच्या बाबतीत फार कमी अर्थ आहे. जुन्या निर्देशिका करणाऱ्यांनी बाप्तिस्मे आणि लग्नं आधी उतरवली, दफनं मागे राहिली. नॅशनल बरिअल इंडेक्स आणि स्वयंसेवकांनी चालवलेलं फ्रीरेग यांनी ती उणीव बरीच भरून काढली, तरी प्रत्येक पॅरिशीची प्रत्येक वर्षं त्यांत नाहीत. निर्देशिका मूळ पानापर्यंत नेते, तिला उत्तर समजू नका. मूळ पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय काहीही मान्य करू नका.

पानावर काय दिसेल

पॅरिश वह्या 1538 मध्ये सुरू झाल्या. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पाद्रीने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम काढला. सुरुवातीचे कागद कुजले, म्हणून 1598 मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावलं, निदान 1558 पासूनच्या तरी. म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या नेमक्या 1558 ला सुरू होतात आणि पहिली चाळीस वर्षं एकाच हस्ताक्षरात असतात. ती प्रत आहे, मूळ नव्हे, हे ध्यानात ठेवा.

स्ट्रॅटफर्डची वही याचं उत्तम उदाहरण. शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट 11 ऑगस्ट 1596 रोजी पुरला गेला. ओळ लॅटिन वळणाची: 'हॅम्नेट फिलिउस विल्यम शेक्सपिअर', म्हणजे विल्यमचा मुलगा. ती नक्कल केलेल्या भागातली आहे. वीस वर्षांनी, 25 एप्रिल 1616 ला, बापाची ओळ येते: नाव आणि पुढे 'जेंट', म्हणजे सभ्य गृहस्थ. ही तारीख दफनाची आहे. मृत्यू 23 एप्रिलचा, हे आपल्याला चर्चमधल्या स्मारकावरून कळतं, वहीवरून नाही. तुमच्या टिपणातही 'मृत्यू' आणि 'दफन' हे दोन रकाने वेगळे ठेवा. दफन साधारण दोन-चार दिवसांत होई, पण तेवढ्यावरून मृत्यूची तारीख लिहू नका.

लॅटिन फार लागत नाही. सेपुल्टस किंवा सेपुल्टा म्हणजे पुरला, पुरली. उक्सोर म्हणजे बायको, विदुआ म्हणजे विधवा, इन्फान्स म्हणजे तान्हं मूल. 1733 पासून कायद्याने इंग्रजी आली. जुन्या वळणाचं अक्षर सवयीने वाचता येतं. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जचे, म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखान्याचे, मोफत ऑनलाइन धडे चांगले आहेत. आधी त्या पाद्रीच्या हातचे जानेवारी, फेब्रुवारी असे महिन्यांचे शब्द वाचा, म्हणजे त्याची अक्षरं हाताशी येतात.

तारखांत मात्र हमखास फसगत होते. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. वहीत 10 फेब्रुवारी 1723 असेल, तर आपल्या हिशेबाने ते 1724. असा माणूस नोव्हेंबर 1723 मध्ये मृत्युपत्र करताना दिसला, तर मेल्यावर मृत्युपत्र कसं केलं असं वाटून तुम्ही योग्य नोंद टाकून द्याल. म्हणून टिपणात 1723/4 असं जोडवर्ष लिहा.

1642 नंतरच्या यादवी युद्धात आणि पुढे 1660 पर्यंत अनेक वह्या तुटक आहेत. त्या काळात नोंद नाही म्हणून मृत्यू नाही असं समजू नका. उलट काही काळात अपेक्षेपेक्षा जास्त मिळतं. 1678 च्या कायद्याने प्रेत लोकरी कापडातच पुरायचं होतं. इंग्रज लोकरीच्या धंद्याला आधार हा हेतू. आठ दिवसांत कोणीतरी शपथेवर तसं सांगायचं, नाहीतर पाच पौंड दंड. काही वह्यांत शपथ घेणाऱ्याचं नाव आहे, आणि ते पुष्कळदा घरच्याच बाईचं असतं. नाव आणि तारीख एवढंच असलेल्या ओळीला अशी बाई एकदम नातं जोडून देते.

आपल्या जॉनच्या काळात आणखी एक कर आला. ऑक्टोबर 1783 पासून 1794 पर्यंत प्रत्येक नोंदीला 3 पेन्स मुद्रांक पडे, फक्त कंगालांना माफी. म्हणून त्या वर्षांत नावापुढे 'पी' किंवा 'पॉपर' दिसतं. शेतमजुराच्या नावापुढे ते असणं आणि सुखवस्तू नामसख्याच्या नावापुढे नसणं, एवढ्यानेही दोघे वेगळे करता येतात. यॉर्कच्या बाजूचा पूर्वज असेल तर नशीब थोर: विल्यम डेड या पाद्रीने घालून दिलेल्या पद्धतीने 1770 च्या दशकापासून तिथल्या अनेक वह्यांत दफनापुढे वय, मृत्यूचं कारण आणि नाती लिहिलेली सापडतात.

1 जानेवारी 1813 पासून छापील वही आली. एका पानावर आठ दफनं, प्रत्येकात नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि पाद्रीची सही. वय मागे राहिलेल्याने सांगितलेलं असतं. म्हाताऱ्यांची वयं साठ, सत्तर, ऐंशी अशी गोल येतात, तेव्हा चार-पाच वर्षांचा फरक सहज धरा. 1 जुलै 1837 पासून सरकारी मृत्युनोंदणी सुरू झाली. तिची निर्देशिका नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वयासह मिळते आणि दाखल्यावर मृत्यूची खबर देणाऱ्याचं नाव असतं.

नाव कसं लिहिलं असेल

पाद्रीने किंवा थडगं खणणाऱ्याने ऐकू आलं तसं लिहिलं. डॅनिएल डिफो एप्रिल 1731 मध्ये वारला. लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीच्या वहीत त्याचं नाव 'मिस्टर डुबो' असं पडलं. इतक्या नावाजलेल्या लेखकाची ही गत, तर मजुराची काय कथा. आडनाव नॉरफकच्या उच्चारात मोठ्याने म्हणून पाहा, शेवटचा स्वर गाळून म्हणा, 'ह' गाळून म्हणा आणि जी रूपं ऐकू येतील ती सगळी शोधा. मग पहिलं नाव आणि वर्ष एवढंच घालून, आडनाव रिकामं ठेवून शोधा. विशेषतः लहान पॅरिशीत हा उपाय फार चालतो. याहूनही चांगलं म्हणजे तीस वर्षांची दफनं ओळीने वाचून काढणं. छोट्या गावाची ती एका संध्याकाळीत होतात आणि जाता जाता त्या घरची सगळी मुलं-माणसं हाती लागतात.

वहीत नाहीच, तर

पहिली पायरी म्हणजे बिशपकडे गेलेली प्रत. 1598 पासून प्रत्येक पॅरिशीने वर्षभराच्या नोंदी उतरवून बिशपकडे पाठवायच्या होत्या. त्या बहुतेक परगण्याच्या दफ्तरखान्यातच आहेत. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल, पाणी लागून फिकटली असेल, तरी प्रत शाबूत असू शकते. दोन्ही असतील तर दोन्ही पाहा, कारण एकीत 'जॉन' आणि दुसरीत 'जॉन, विधुर' असा फरक निघतो.

मग धर्म. क्वेकर, बाप्टिस्ट, स्वतंत्र मंडळी या अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांच्या स्वतःच्या दफनभूमी होत्या. त्यांच्या पुष्कळ वह्या 1837 नंतर सरकारजमा झाल्या आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, ऑनलाइनही मिळतात. क्वेकर महिन्यांना आकडे देत आणि 1752 पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. कॅथलिक मात्र बहुधा पॅरिशच्या चर्चच्या आवारातच पुरले जात. बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि आत्महत्या केलेले यांच्यासाठी 1662 च्या प्रार्थनाग्रंथाने अंत्यविधी नाकारला होता, म्हणून ते वहीत न येण्याची शक्यता मोठी. तिथे कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीचे कागद आणि वर्तमानपत्रं पाहा.

गरिबासाठी सगळ्यात मोलाचे कागद म्हणजे पॅरिशच्या गरीब-मदत अधिकाऱ्याचे हिशेब. जॉनला आठवड्याला शिलिंग-दीड शिलिंग मिळत असेल, तर ते देणं एका आठवड्यात थांबतं आणि पुढच्याच ओळींत शवपेटी, कफन, प्रेत धुणाऱ्या बाईची मजुरी, घंटा वाजवल्याचे पैसे असा खर्च येतो. त्यानंतर मदत 'विधवा' अशा नावाने सुरू होते. दफनाच्या वहीत नसलेला माणूस या हिशेबात आठवड्यापर्यंत नेमका सापडू शकतो. नॉरफकमध्ये काही गावांनी मिळून गरिबांसाठी कामघरं बांधली होती. ग्रेसनहॉलचं घर 1777 चं, आज तिथे संग्रहालय आहे. जॉनचं गाव अशा संघात असेल, तर त्या घराच्या वह्या आणि त्या पॅरिशीची दफनं पाहायला विसरू नका.

जमीन मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकाकडून कुळवहिवाटीने धरलेली असेल, तर मॅनरच्या न्यायसभेची पत्रं पाहा. कूळ मेल्याचं तिथे जाहीर होई आणि वारस पुढे येऊन जमीन आपल्या नावावर करून घेई. यात बाप-मुलाचं नातं लिहिलेलं असतं, जे दफनाची ओळ कधीच देत नाही. मृत्युपत्रांचंही तसंच. 1858 पूर्वी ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. कँटरबरीच्या न्यायालयातली क्यूला आहेत, यॉर्कची बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, बाकीची परगण्यांत. केल्याची तारीख आणि सिद्ध झाल्याची तारीख, या दोहोंच्या मध्ये मृत्यू. मजूर मृत्युपत्र क्वचितच करी, पण त्याचा बरा असलेला भाऊ करी आणि 'माझ्या कैलासवासी भावाची मुलं' असं लिहून जाई. म्हणून आडनावाची सगळी मृत्युपत्रं वाचा.

हाच तो जॉन कशावरून

समजा वर्तुळातल्या पॅरिशींत त्या नावाची चार दफनं मिळाली: 1784, 1788, 1793 आणि 1801. बहुतेक लोक इथे सोयीची तारीख उचलतात. असं करू नका. अठराव्या शतकातल्या गावात जॉन, विल्यम, थॉमस हीच नावं घरोघरी होती आणि चुलतभाऊ एकाच आजोबाच्या नावाचे असत.

त्या भागातल्या त्या नावाच्या प्रत्येक माणसाचं वेगळं पान करा: बाप्तिस्मा, लग्न, मुलं, दफन. प्रत्येक दफन कोणाच्या तरी पानावर बसलंच पाहिजे. 1784 चा 'थॉमसचा मुलगा' असेल, तर तो बालक, बाद. 1788 च्या ओळीपुढे 'पी' नाही आणि त्याच नावाच्या एका शेतकऱ्याचं मृत्युपत्र त्याच वर्षी सिद्ध झालंय, तर तो त्याचा. 1801 चा शेजारच्या पॅरिशीतला, जिथे त्या नावाचं दुसरं कुटुंब सतत दिसतं. राहिला 1793 चा, 'पी' लावलेला. आता त्याला उलट तपासा. 1793 नंतर आपला जॉन कुठे साक्षीदार आहे का? बायकोची मदत 'विधवा' म्हणून केव्हा सुरू होते? तिचं दफन काय म्हणतं? हे सगळं जमलं, तर हाच तो जॉन असं तुम्ही म्हणू शकता. एक जरी विरोधात गेलं, तर पुन्हा चौघांकडे.

हाच नियम मागेही लावा. ज्या बाप्तिस्म्यावरून तुम्ही जॉनचे आईबाप ठरवले, ते मूल तान्हेपणीच पुरलं गेलं नाही ना, हे त्या वर्षीच्या दफनांत पाहा. लोकांचे वंशवृक्ष इथेच सगळ्यात जास्त चुकतात, आणि एकदा चुकीच्या घरात शिरलेला शोध पिढ्यान् पिढ्या चुकीच्याच घरात राहतो.

समुद्रापार गेला असेल तर

तरुण वयात एकाएकी दिसेनासा झालेला पुरुष सैन्यात किंवा जहाजावर गेला का हे पाहा. नौदलाच्या हजेरीपटात मेलेल्यापुढे 'डी डी' (डिस्चार्ज्ड डेड) असतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेला असेल, तर माग आपल्याकडेच येतो. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या 1709 पासूनच्या आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात ठेवल्या आहेत. पुष्कळशा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेचा शोध मोफत आहे. या नकलांत पलटण किंवा हुद्दा असतो, त्यामुळे नामसखे वेगळे करणं इंग्लंडच्या वहीपेक्षा सोपं जातं. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल 1718 पासूनचं आहे. त्याच्या भिंतींवरचे स्मृतिलेख अधिकाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे आहेत, साध्या शिपायासाठी नकलांची वहीच बघावी लागते.

शेवटी निष्कर्ष लिहिताना जेवढं कळलं तेवढंच लिहा. 'दफन 14 मार्च 1793, अमुक पॅरिश, मूळ पान पाहिलं, बिशपची प्रत जुळते, बाकीचे तीन नामसखे या कारणांनी बाद.' नोंद मिळालीच नाही, तर 'ऑगस्ट 1789 मध्ये साक्षीदार, मे 1794 मध्ये बायको विधवा' एवढं लिहून पाहिलेल्या पॅरिशी आणि पाहिलेली वर्षं त्याखाली मांडा. कुठली वही गहाळ होती तेही लिहा, म्हणजे उद्या ती ऑनलाइन आली की घरातल्या दुसऱ्या कोणाला नेमकी तीच उघडता येईल.